वाचनखुणांची यादी आणि घरचा विकी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस इयत्ता नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी मोठ्या खिन्न चेहऱ्यानें आमच्याकडे आली. तिला जायकवाडी धरणावर निबंध लिहावयाचा होता. चितेगांवच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तिच्या वडिलांचा मोबाइल रात्रीं जेवणानंतर तासभर तिच्या हातीं येई. त्या तासांत इंटरनेटवर जें जें चांगलें पान आढळे, तें तें ती 'बुकमार्क' करून ठेवी. अशीं तीस-पस्तीस पानें जमलीं होतीं. मग एके दिवशीं तो मोबाइल पाण्यांत पडला. नवा घेतला, तेव्हां जुन्या खात्याचा परवलीचा शब्द घरांत कोणासच आठवेना. दुकानांतल्या मनुष्यानें नवें खातें उघडून दिलें, आणि दोन महिन्यांची सारी यादी गेली. "सर, पानें तर इंटरनेटवर जागच्या जागीं आहेत ना? मग माझें हरवलें काय?" असें तिनें विचारलें. प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांसच पुष्कळ शिकावयास मिळालें, तें येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पुस्तक वाचतां वाचतां थांबावें लागलें म्हणजे आपण पानांत मोराचें पीस, पिंपळाचें जाळीदार पान, नाहीं तर बसचें जुनें तिकीट घालून ठेवितों. ही वाचनखूण. संगणकाच्या ब्राउझरमधील बुकमार्कास नांव हेंच मिळालें आहे. परंतु नांवापलीकडे दोहोंचें साम्य फारसें नाहीं. मोराचें पीस पुस्तकाच्या पोटांत असतें. पुस्तक आपल्या फडताळांत असतें. ब्राउझरमधील खूण ही मात्र केवळ एक चिठ्ठी आहे, आणि तिजवर एवढेंच लिहिलेलें असतें कीं अमक्या शहरांतल्या अमक्या ग्रंथालयांत, तिसऱ्या कपाटांत, दुसऱ्या फळीवर, पांचवें पुस्तक पाहा. ग्रंथपालानें कपाटें हलविलीं, कीं चिठ्ठीची किंमत संपली. त्यानें पुस्तक रद्दींत घातलें तर चिठ्ठीनें करावें काय?

आणि कपाटें हलतात, हें लांब जाऊन सिद्ध करावयास नको. आपल्या शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यांत पूर्वीं 'औरंगाबाद' हा शब्द होता. तेथें आतां नवें नांव आलें आहे. वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. तो खंड ज्या ज्या ग्रंथालयानें जपला, तेथें तो आजही वाचतां येतो. तोच विश्वकोश इंटरनेटवर आल्यावर त्याचा पत्ता एकाहून अधिक वेळां बदलला, आणि जुन्या पत्त्याच्या खुणा ज्यांच्यापाशीं होत्या त्यांस दार बंद आढळलें. शिकागो विद्यापीठानें मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश सर्वांस मोफत खुला केला आहे, त्याची गोष्टही अशीच. कोश आहे, पण त्याचा जुना पत्ता राहिला नाहीं. अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१३ सालीं इंटरनेटवर असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं सांपडेनाशीं झालीं होतीं. दुसऱ्याच्या घरीं खुणा ठेवूं म्हटलें, तर त्या घराचीही शाश्वती नाहीं. वाचावयाचीं पानें साठवून ठेवणारी 'पॉकेट' नांवाची सेवा २००७ पासून चालू होती व जगभर लोकप्रिय होती. ती ८ जुलै २०२५ रोजीं बंद झाली.

परंतु पान नाहींसें होणें ही सर्वांत मोठी हानि नव्हे, असें आमचें मत झालें आहे. पान असतें, पत्ता असतो, खूणही असते. पण ती आपण कां केली होती तेंच आठवत नाहीं, ही हानि अधिक मोठी. आमची स्वतःची यादी त्या निमित्तानें आम्हीं उघडून पाहिली. सहाशेंहून अधिक खुणा होत्या. त्यांतील चौदा खुणांचें नांव नुसतें 'मुखपृष्ठ' असें होतें! बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीविषयीं आठ वर्षांपूर्वीं केलेली एक खूण उघडली. पान सुरक्षित होतें, चांगलें लांबलचक होतें, आणि त्यांतील कोणत्या ओळीसाठीं आम्ही तेव्हां एवढे हर्षित झालों होतों हें दोनदां वाचूनही उमजलें नाहीं. इतरांस उपदेश करणाऱ्या शिक्षकाची ही दशा. तेव्हां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर असें : पानें हरवलीं नाहींत, तीं वाचतांना तुझ्या मनांत जें आलें तें हरवलें, कारण तें कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. छापखाने येण्यापूर्वीं मराठी घरांत 'बाड' असे. हातानें शिवलेल्या त्या वहींत घरचा मनुष्य ऐकलेला अभंग, आरती, औषधाची मात्रा, एखादा हिशोब, जें राखण्याजोगें वाटे तें उतरून ठेवी. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं स्थापिलेल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत अशीं किती तरी बाडें जपलेलीं आहेत. बाडांत उणीव एकच असे. पानें ज्या क्रमानें लिहिलीं त्याच क्रमानें राहत. एका पानाचा दुसऱ्याशीं संबंध जोडावयाचा तर तो लिहिणाराच्या डोक्यांत. हा संबंध जोडण्याची युक्ति आपल्या ख्रिस्ती घरांतील मुलांनीं पाहिलेली आहे. संदर्भ दिलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रतींत वचनाजवळ बारीक अक्षर असतें, आणि तें अक्षर दुसऱ्या एखाद्या ग्रंथांतील वचनाकडे बोट दाखवितें. तेथें गेलें कीं तिसरीकडे जाण्याची वाट दिसते. प्रत्येक वचन आपल्या जागीं स्थिर, पण वाटा सर्व दिशांनीं मोकळ्या.

संगणकावर हेंच करावें, ही कल्पना संगणक घरोघर येण्याच्या पुष्कळ आधींची आहे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें जुलै १९४५ च्या 'अटलांटिक' मासिकांत एका मेजाची कल्पना मांडली. मनुष्यानें वाचलेलीं पुस्तकें, पत्रें, टिपणें सूक्ष्मचित्रांच्या रूपानें त्या मेजांत राहतील, आणि एका कागदापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा तो स्वतःच आंखील. त्या मेजास त्यानें 'मेमेक्स' हें नांव दिलें होतें. तें मेज कधींच तयार झालें नाहीं. पुढें २५ मार्च १९९५ रोजीं वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें एक संकेतस्थळ उघडलें, ज्यांतील पानें वाचणारासच लिहितां व सुधारतां येत. होनोलूलूच्या विमानतळावर धांवणाऱ्या 'विकी विकी' नांवाच्या बसवरून त्यानें त्यास नांव दिलें. हवाई भाषेंत 'विकी' म्हणजे झटपट. या पद्धतीच्या ग्रंथांपैकीं विकिपीडिया सर्वांस माहीत आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, झाला. परंतु विकी हा हजारों लोकांनींच लिहिला पाहिजे असें नाहीं. एका मनुष्याचाही विकी असूं शकतो. त्यास बाडाचाच नवा अवतार म्हणावें. फरक इतकाच कीं या बाडाच्या पानांत वाटा असतात.

असा घरचा विकी करण्याचीं साधनें अनेक आहेत. आम्हीं मुलांसाठीं 'टिडलीविकी' निवडला. जेरेमी रस्टन यांनीं तो २००४ सालीं केला. तो फुकट मिळतो, आणि मुख्य म्हणजे सारा विकी एकाच फाइलींत राहतो. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून शाळेंत आणावी, घरीं न्यावी. ब्राउझरमध्यें उघडावी, म्हणजे वही उघडली. इंटरनेट नसलें तरी चालतें, हें आमच्या भागांत लहान सोय नव्हे.

प्रथम जुन्या खुणा ब्राउझरमधून बाहेर काढाव्या. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि ओ हीं तीन बटणें एकदम दाबलीं कीं खुणांचा सर्व संग्रह समोर येतो. तेथील यादींत निर्यात करण्याची, म्हणजे एक्सपोर्टची, आज्ञा आहे. ती दिली म्हणजे सर्व खुणांची एक फाइल तयार होते. ही फाइल साध्या मजकुराच्या खिडकींत उघडून पाहण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या ओळींत 'नेटस्केप' हें नांव आढळतें. तो ब्राउझर केव्हांच बंद पडला, पण त्याची यादी लिहिण्याची रीत इतर सर्वांनीं उचलली व अजून चालविली आहे. प्रत्येक खुणेपाशीं पत्ता, पानाचें नांव, आणि एक लांबच लांब संख्या असते. मुलांस ती संख्या फार कोड्याची वाटते. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच येथील मध्यरात्रीपासून खूण करीपर्यंत जितके सेकंद लोटले, त्यांची ती गणती आहे. उदाहरणार्थ, १७०००००००० ही संख्या दिसली तर ती खूण आपल्या घड्याळाप्रमाणें १५ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे पावणेचारच्या सुमारास झालेली आहे. (अशा वेळीं जागा असणारा विद्यार्थी कोण, हें विचारण्याचा मोह आम्हीं आवरतों.)

ही संपूर्ण फाइल विकींत एका दमांत ओतणारीं साधनेंही आहेत. आम्हांस तीं पसंत नाहींत. चारशें खुणा ब्राउझरमध्यें धूळ खात होत्या, त्या विकींत धूळ खातील, तेवढाच फरक. यादी समोर ठेवावी, एकेक पान उघडावें, आणि स्वतःस विचारावें, "यांत मला काय मिळालें?" उत्तर न सुचल्यास ती खूण सोडून द्यावी. चारशेंतून चाळीस उरल्या तर पुष्कळ झालें. त्या चाळिसांपैकीं प्रत्येकीसाठीं विकींत नवें पान उघडून पत्ता, वाचल्याची तारीख आणि स्वतःच्या शब्दांत दोन-चार वाक्यें लिहावीं. मग त्या वाक्यांतील जो शब्द दुसऱ्या पानाचा विषय होऊं शकेल, त्यास दोन्ही बाजूंनीं दुहेरी चौकोनी कंस घालावे. एवढ्यानें तो शब्द वाट बनतो. त्या नांवाचें पान अजून लिहिलेलें नसेल, तर विकिपीडियांत असा शब्द तांबडा दिसतो आणि टिडलीविकींत तिरप्या अक्षरांत. आम्हांस विकीचा हाच गुण सर्वांत अधिक आवडतो. आपल्याला काय माहीत नाहीं तें तो अक्षरांनिशीं डोळ्यांपुढें ठेवतो.

त्या विद्यार्थिनीनें शाळेच्या संगणकावर पुन्हां शोध घेऊन असाच विकी आरंभिला. तिच्या पहिल्याच पानावर अडचण आली. एका ठिकाणीं जायकवाडीचा साठा १०२ टीएमसी, म्हणजे १०२ अब्ज घनफूट, असा दिला होता. दुसऱ्या ठिकाणीं ७६. जुन्या यादींत हीं दोन्ही पानें असावींत असें तिला आठवत होतें, पण तेव्हां हा विरोध तिच्या ध्यानांत आला नव्हता. येईल तरी कसा? खुणा करणाराला आंकडा लिहावा लागत नाहीं. लिहावयास बसली तेव्हां एकच आंकडा लिहितां येईना, म्हणून तिनें शोध केला. आणि उलगडा झाला कीं दोन्ही आंकडे बरोबर आहेत. १०२ हा धरणांतील एकूण साठा, आणि ७६ हा उपयोगांत येणारा, ज्यास वर्तमानपत्रें जिवंत साठा म्हणतात तो. मधले सुमारे २६ टीएमसी पाणी दरवाजांच्या पातळीखालीं राहतें. तो मृत साठा. धरण 'शून्य टक्क्यांवर' आलें असें उन्हाळ्यांत छापून येतें आणि तरीही तेथें पाणी दिसतें, याचें कारण तिच्या वडिलांस तिनें त्या रात्रीं समजावून दिलें. 'मृत साठा' या शब्दाभोंवतीं तिनें कंस घातले, आणि दुसरें पान जन्मास आलें. मग 'नाथसागर', 'पैठण', 'डावा कालवा' अशीं पानें होत गेलीं. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें लोकार्पण, हीं वर्षेंही योग्य त्या पानावर बसलीं.

कांहीं खोड्याही सांगितल्या पाहिजेत. टिडलीविकींत लिहिलेलें आपोआप फाइलींत उतरतेंच असें नाहीं. जतन करण्याचें चिन्ह तांबडें झालें म्हणजे तें दाबावें लागतें. आणि दाबल्यावर ब्राउझर बहुधा फाइलीची नवी प्रत उतरवितो. चार दिवसांत एकाच विकीच्या सहा प्रती होतात, आणि कोणती खरी याचा घोळ पडतो. पैठणास एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां त्यांच्यापुढें तीनशें वर्षांतील नकलांचे पाठभेद होते. त्या मानानें आमच्या मुलांचे सहा पाठ म्हणजे कांहींच नव्हे, पण त्रास होतो खरा. उपाय सोपा आहे. नव्या प्रतीच्या नांवांत तारीख घालावी, आणि आठवड्यांतून एकदां एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी.

दुसरी खोडी मुलांची आहे, साधनाची नव्हे. संपूर्ण पानच्या पान उचलून विकींत चिकटविण्याचा मोह होतो. असें केल्यानें लेखकाचा हक्क दुखावतो तो एक भाग. शिवाय न वाचतां साठविलेलें पान पुन्हां खुणेच्याच पंक्तीस जाऊन बसतें. मूळ पान नाहींसें होईल अशी भीति असल्यास इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाचा उपयोग करावा. १९९६ सालीं स्थापन झालेली ही संस्था इंटरनेटवरील पानांच्या प्रती राखते, आणि एखाद्या पानाची प्रत घ्या असें आपणही तिला सांगूं शकतों. त्या प्रतीचा पत्ता मूळ पत्त्याशेजारीं लिहून ठेवला, म्हणजे एक दार लागलें तरी दुसरें उघडें राहतें. परवलीचे शब्द, आधारपत्राचा क्रमांक, घरच्या खाजगी गोष्टी मात्र या वहींत चुकूनही घालूं नयेत. शाळेचा संगणक दहा जणांच्या हातांतून जातो.

पालकांस दोन शब्द. मूल मोबाइल घेऊन बसलें कीं तें अभ्यास करतें कीं वेळ दवडतें हें ओळखण्याचें साधन आपणांपाशीं नसतें, आणि त्यामुळें घरोघर वाद होतात. मुलास रागें भरण्यापूर्वीं, आज वहींत काय लिहिलेंस तें वाचून दाखव, असें म्हणून पाहावें. घरीं संगणक नसेल तर दोनशें पानांची साधी वही घ्यावी, पानांस क्रमांक द्यावे, आणि मजकुरांतच 'पान ३४ पाहा' असें लिहीत जावें. तोही विकीच आहे. आमच्या वर्गांतील तिघां मुलांचे विकी असेच कागदावर आहेत, आणि त्यांतील एकाचा तर सर्वांत भरीव आहे.

त्या विद्यार्थिनीच्या विकींत हा लेख लिहीपर्यंत तेवीस पानें झालीं आहेत. त्यांतील बावीस पानांच्या तळाशीं इंटरनेटवरील पत्ते आहेत. तेविसाव्या पानाचें नांव 'बुडालेलीं गांवें'. धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांतच तिच्या आजीचें माहेर होतें. तेथील वेस कोणत्या दिशेस होती, नदीवर धुणें कोठें धूत, गांव सोडतांना कोणीं घराचीं दारें-चौकटी काढून बैलगाडींत घातल्या, हें आजीनें सांगितलें तसें तिनें उतरून घेतलें आहे. पत्त्याच्या जागीं तिनें लिहिलें आहे : 'आजीनें सांगितलें, दिवाळीची सुट्टी.' आणि मजकुराच्या मध्यें आजीच्या त्या गांवाचें नांव दुहेरी चौकोनी कंसांत आहे. तें पान अजून लिहावयाचें आहे. पुढील सुट्टींत आजीजवळ बसून तें पुरें करणार आहे, असें ती म्हणाली.